पोकळ कुलूप

माझ्या सख्ख्या मामाला मी सहा आठवडे संगणकावरचं पॉलिगॉन मॉडेलिंग शिकवलं, आणि त्यातल्या एकाही दिवशी मला कंटाळा आला नाही. शिकवायला बसलेली माणसं वैतागतात, मी उलट रोज दहा मिनिटं आधी ऑफिसला पोचायचे. इस्त्रीचे कपडे घालायचे, केस नीट बांधायचे. आई शेजारणीला सांगायची, "माझ्या भावासाठी जीव टाकते हो पोरगी." मी चपला घालून निघायचे.

आमची कंपनी कुलपं, कड्या, बिजागऱ्या आणि दाराचे हँडल बनवते. खाली कारखाना, वर ड्रॉइंग ऑफिस. मामा तेवीस वर्षं त्या ड्रॉइंग ऑफिसचा साहेब होता. त्याच्या माघारी सगळे त्याला 'मायक्रॉन' म्हणायचे, कारण केसापेक्षा बारीक चूक तो चहा पितापिता पकडायचा. कॅडवर, म्हणजे संगणकावर मापाने ड्रॉइंग काढायच्या प्रोग्रॅमवर, त्याचा हात असा होता की कुलपाचे सत्तर-ऐंशी भाग तो पडद्यावर एकात एक बसवायचा आणि खाली तेच भाग तयार होऊन आले की ठोकावं लागायचं नाही, घासावं लागायचं नाही. बाबा गेले तेव्हा त्यानेच मला तिथे चिकटवलं. पहिल्या दिवशी जिन्यात थांबवून म्हणाला, "वर गेल्यावर मामा नाही. साहेब म्हणायचं. आणि तुम्ही म्हणायचं." मी सात वर्षं म्हटलं.

त्या सात वर्षांचा हिशेब मांडत बसत नाही, एकच सांगते. एका स्प्रिंगच्या खाचेचं माप मी दोन दशांश मिलिमीटरने चुकवलं आणि चारशे नग भंगारात गेले. मामाने मला खाली नेलं. बारा कामगारांपुढे, एकेकासमोर उभं करून, माफी मागायला लावली. सातवा म्हातारा होता, त्याला बघवेना. "राहू द्या हो साहेब, लेकराचं," तो म्हणाला. मामा म्हणाला, "तुमचं झालं ना? आठवा कोण?" संध्याकाळी आमच्या घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "पोरगी तयार होतेय." आईने त्याला दुसऱ्यांदा चहा केला.

मी नोकरी सोडली. एका स्टुडिओत गेले, तिथे जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी वस्तूंची मॉडेलं करायचे. तिथे पॉलिगॉन शिकले, चांगली शिकले. चार वर्षांनी जुन्या कंपनीचाच फोन आला. मालकांची मुलगी, जिला सगळे धाकट्या मॅडम म्हणतात, आता कारभार बघत होती. गिऱ्हाईक आता छापील कॅटलॉग बघत नाही, फोनवर कुलूप बोटाने फिरवून बघतं, तेव्हा नवा विभाग काढायचा आणि तो मी सांभाळायचा, असं तिचं म्हणणं होतं. कॅडचं काम ती बाहेरच्या एजन्सीला देऊन मोकळी झाली. ड्रॉइंग ऑफिसमधली माणसं पांगली. उरला मामा.

"तुमचे मामा ना ते?" धाकट्या मॅडमने मला विचारलं. "सहा आठवडे देते. तुम्ही शिकवा. शेवटी एक कुलूप करून दाखवू देत, माझ्या फोनवर फिरलं की मामा तुमच्या विभागात. नाही फिरलं तर मग माझाही नाइलाज आहे."

मामाला पंचावन्नावं लागलं होतं. कुलपाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि कॅडवाले पंचविशीतले ढिगाने मिळत होते. ही जागा गेली की त्याला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं, मामीला माहीत होतं आणि मला तर फारच चांगलं माहीत होतं. मामी फोनवर म्हणाली, "बाई गं, घेऊन जा त्याला. हा माणूस घरी बसला तर माझ्या डब्यांवर मापं लिहील."

पहिल्या दिवशी तो नवी वही, टोक काढलेल्या तीन पेन्सिली आणि शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर घेऊन आला. दारात थांबला. "गुड मॉर्निंग, मॅडम," म्हणाला. विभागात आणखी दोघं होती, एक दाढीवाला आणि एक चष्मेवाली. दोघांना आमचं नातं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं, मी आता म्हणेन, अरे मामा, मॅडम काय. मी म्हणाले नाही. "बसा," म्हटलं.

कॅड आणि पॉलिगॉन यांत फरक काय, ते मी त्याला जसं सांगितलं तसंच सांगते. कॅडमध्ये तुम्ही यंत्राला माप देता, ते तुम्हाला वस्तू देतं. भोक म्हटलं की भोक, गोल कड म्हटलं की गोल कड, आणि वस्तू शेवटपर्यंत त्या आकड्यांना बांधलेली राहते. पॉलिगॉनमध्ये चौकोनांची एक जाळी असते. तिचे बिंदू धरायचे, ओढायचे, ढकलायचे, नवे चौकोन विणायचे, आणि डोळ्याला पटेपर्यंत हेच करत राहायचं.

"पण माप किती धरायचं?" मामाने विचारलं.

"डोळ्याने."

"डोळ्याचं माप चुकलं तर ड्रॉइंगवर सही कोणाची?"

"इथे सही नसते, साहेब. इथे फक्त दिसतं."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. 'इथे फक्त दिसतं', खाली तारीख. त्याचं अक्षर ड्रॉइंगवरच्या अक्षरासारखं, सरळ, ठाशीव.

मी त्याला एक हँडल दिलं करायला. साधं, मुठीत मावणारं, वळणदार. कॅडमध्ये ते त्याने वीस मिनिटांत केलं असतं. इथे त्याचा हात अडला. तो प्रत्येक बिंदूचे आकडे उघडून बसायचा आणि त्यात दशांश भरायचा. मी आकड्यांची खिडकीच बंद करून टाकली. मग त्याने सवयीने एका ठोकळ्यातून दुसरा वजा करून भोक पाडलं. जाळी फाटल्यासारखी झाली, पाच आणि सात बाजूंचे तुकडे झाले, आणि गुळगुळीत करायला गेल्यावर सगळं हँडल भोकापाशी चुरगळलं.

"वाचा," मी म्हटलं.

"काय वाचू?"

"चूक. मोठ्याने वाचा. सगळ्यांना उपयोग होतो."

दाढीवाल्याने खुर्ची फिरवली. मामा चष्मा पुसून म्हणाला, "भोक वजा करून पाडलं. चौकोनांचा ओघ तुटला. पृष्ठभाग चुरगळला." मग मी त्याच्यासमोर सगळं हँडल निवडलं आणि उडवून टाकलं. परत करा म्हटलं.

असं एकोणीस वेळा झालं. त्यातलं निम्मं खरंच शिकवणं होतं, कारण ही विद्या पुसल्याशिवाय येत नाही. उरलेलं निम्मं काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी पाणी प्यायला गेले आणि परत आले तर मामा खिशातलं कॅलिपर काढून पडद्याला लावून बसला होता. हँडलच्या चित्रावर पोलादी जबडे टेकवून, एक डोळा मिटून, माप वाचत होता. चष्मेवालीने तोंडावर ओढणी घेतली होती, दाढीवाल्याचे खांदे हलत होते.

"हसू नका," मी म्हटलं, "साहेब काच मोजतायत."

मग ते मोकळेपणाने हसले. मामाने कॅलिपर मिटलं आणि रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. त्यानंतर ते कधी आणलं नाही. त्या दिवशी मी घरी आनंदात गेले, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो खचला. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसायचा. मला वाटलं, आता हात टेकेल, स्वतःच जाऊन राजीनामा देईल, आणि ते बघायला मिळणार म्हणून मी वाटच बघत होते. पण चौथ्या आठवड्यात एक दिवस तो खालून खरं हँडल घेऊन आला. पितळेचं, न घासलेलं. डाव्या हातात ते धरून, डोळे मिटून, अंगठ्याने त्याच्यावरून फिरवत बसला. मग डोळे उघडायचा आणि उजव्या हाताने एखादाच बिंदू थोडा ओढायचा. पुन्हा डोळे मिटायचा. दुपारी चारपर्यंत हेच.

चारला जे पडद्यावर होतं ते बघून दाढीवाला उठून आला. "हे कोणी केलं?" म्हणाला. इतके कमी चौकोन, आणि प्रत्येक जिथे पाहिजे तिथेच. वळण अंगठ्याखाली येतं त्या जागी किंचित दबलेलं, माझ्याही कधी लक्षात न आलेलं. मला चार वर्षं लागली होती त्या जागी पोचायला, आणि हा माणूस चार आठवड्यांत येऊन बसला होता. मी हँडल उलटंपालटं करून बघितलं, चूक मिळाली नाही, पुन्हा बघितलं. मामा मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"ठीक आहे," मी म्हटलं.

त्याने तेही लिहून घेतलं. 'ठीक आहे', खाली तारीख.

मग कुलूप आलं. कंपनीचं सगळ्यात जुनं दाराचं कुलूप, पाच पट्ट्यांचं, म्हणजे पाच लिव्हरचं, मामानेच कधीतरी कॅडवर चढवलेलं. दोन आठवडे हातात होते. मामा पेटला. सकाळी माझ्याआधी आलेला असायचा. बाहेरची पेटी त्याने चार दिवसांत केली, किल्लीच्या भोकाभोवतीचं नक्षीचं झाकण इतकं सुरेख की चष्मेवाली ते बघून शिकायला लागली. मग मी बघितलं की तो आत शिरला आहे.

तो आतलं करत होता. पाचही पट्ट्या, प्रत्येकीची स्प्रिंग, सरकणारा दांडा, चार स्क्रू, स्क्रूंचे आटेसुद्धा. त्याचं काय चुकलं ते मला बघताक्षणी कळलं, आणि ही चूक फक्त कॅडवालाच करू शकतो. कॅडमध्ये मॉडेल म्हणजे वस्तू बनवण्याचा हुकूम असतो, आत जे नाही ते खाली बनतच नाही, तेव्हा आत काही सोडायचं नसतं. आमच्याकडे मॉडेल फक्त बघायचं असतं. जे दिसत नाही ते ठेवायचं नाही, कारण फोनला दिसणारं आणि न दिसणारं सारखंच वजन वाहावं लागतं. त्याच्या कुलपाचं बाहेरचं अंग नऊ हजार चौकोनांत बसलं होतं. आत त्याने पाच लाखांवर नेलं होतं. आमच्या टेबलांवरच्या दणकट यंत्रांवर ते लोण्यासारखं फिरायचं, म्हणून त्याला शंका येण्याचं कारण नव्हतं. चौकोनांची मर्यादा असते हे शिकवणाऱ्याने सांगायचं असतं. मी सांगितली नव्हती.

पण त्याला शंका आली. मामा तो, येणारच. परीक्षेच्या तीन दिवस आधी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, वही छातीशी धरून.

"मॅडम, एक विचारायचं होतं. आतलं ठेवू ना?"

एका वाक्याचं काम होतं. काढून टाका, बाहेरचं फक्त ठेवा. मी खुर्चीत मागे टेकले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, आत काही नसेल तर ते कुलूप कसलं?"

"मग ठेवा," मी म्हटलं.

तो समाधानाने गेला. मी दिवसभर व्यवस्थित काम केलं. जेवले, चहा घेतला, चष्मेवालीच्या नव्या चपला बघितल्या. मध्येच वाटायचं, उठून सांगावं. पण मग ते बारा जण डोळ्यांपुढे यायचे, एकेक, रांगेत, आणि मी बसून राहायचे.

परीक्षेला धाकट्या मॅडमच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मामाने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. मॅडमने फोन टेबलावर आमच्या समोर ठेवला आणि कुलूप उघडायला लावलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. आम्ही तिघं त्या गोलाकडे बघत राहिलो. मामा म्हणाला, "येईल." अर्धं मिनिट गेलं. फोन तापला, मग पडदा काळा झाला आणि फोनच बंद पडला. मॅडमने तो पुन्हा चालू केला, पुन्हा तेच झालं.

"काय घातलंय यात?" तिने विचारलं.

"सगळं आहे मॅडम," मामा पुढे झुकून म्हणाला. "पट्ट्या, स्प्रिंगा, आटे. काही सोडलेलं नाही."

"कोण बघणार आहे ते?"

मामा झुकलेला सरळ झाला. मग तो माझ्याकडे वळला. इतका हळू वळला की मला फोनकडे बघायला भरपूर वेळ मिळाला. मी फोनकडेच बघत राहिले. त्याची नजर माझ्या गालावर किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. एवढंच. 'मी यांना विचारलं होतं', असं तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल रिकामं होतं. मी त्याचं कुलूप उघडलं, आतलं सगळं निवडलं आणि काढून टाकलं. चाळीस सेकंद लागले. धाकट्या मॅडमच्या फोनवर ते पटकन उघडलं आणि बोटाखाली गर्रकन फिरलं. तिने जवळ नेऊन झाकणाची नक्षी बघितली. "हे तर आपलं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं झालंय," ती म्हणाली. "तुम्ही दुरुस्त केलंत? मग त्यांचं अडलं कुठे?"

तेव्हाही सांगता आलं असतं. तिने कदाचित त्याला परत बोलावलंही असतं.

"वय झालं की नाही जमत," मी म्हटलं. ती हळहळली आणि मला पुढचं काम दिलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मामा आमच्या घरी आला. काखेत शेजाऱ्याचा लॅपटॉप होता. भावाची नोकरी गेल्यापासून आई धड जेवली नव्हती, ती त्याला बघून रडायलाच लागली. "रडतेस काय ताई," तो म्हणाला, "गंमत दाखवतो बस." त्याने स्वतःचा फोन काढून तिच्या हातात दिला. पडद्यावर कुलूप होतं. घरी बसून चार दिवसांत त्याने ते सगळं नव्याने केलं होतं. आईने बोट लावलं, कुलूप फिरलं. आई डोळे पुसून हसली. "अगंबाई, फिरतंय की."

"आतलं काढून टाकलं," मामा म्हणाला. "बास, एवढंच होतं. दिसत नाही ते ठेवायचं नाही. त्या दिवशी हे कोणी सांगितलं असतं तर माझी नोकरी राहिली असती."

मग तो माझ्याकडे वळला. आवाज अगदी घरातला होता.

"तुला माहीत होतं का गं हे?"

आई फोनवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. मला माहीत होतं म्हटलं असतं तर पुढचं तिचं तिला कळलं असतं. त्या घरात मला तिच्याबरोबर राहायचं होतं. आणि माहीत नव्हतं म्हणायचं, तर चार वर्षं घासून मिळवलेली विद्या त्याच्या पायाशी ठेवायची होती. मामाला घाई नव्हती. त्याला सगळं कळलं होतं, माझ्या गालावर नजर ठेवून उभा होता तेव्हाच कळलं होतं, आणि मी काय उत्तर देणार हेही त्याला आधीच ठाऊक होतं.

"नव्हतं," मी म्हटलं.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "माहीत असतं तर तू सांगितलंच असतंस."

"म्हणजे हिला येत नव्हतं म्हणून तुझी गेली?" आईने विचारलं. माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं की मी जमिनीकडे बघितलं.

"तिला बोलू नकोस ताई. लहान आहे, शिकेल. नाहीतरी मी आता मोकळाच आहे, रोज संध्याकाळी येत जाईन, घेईन तयार करून." त्याने लॅपटॉप टेबलावर उघडला. "फक्त धाकट्या मॅडमच्या कानावर जायला नको, की हिला एवढंही येत नाही. मी काही बोलणार नाही. उगाच हिचीही जायची."

आईने पदराने डोळे टिपले. "बघ," मला म्हणाली, "एवढं होऊनही किती जीव आहे त्याचा तुझ्यावर. बस त्याच्याजवळ. नीट शीक."

मी खुर्ची ओढून बसले. मामाने चष्मा चढवला, पडद्यावर एक साधा ठोकळा काढला आणि बोट ठेवलं.

"हं. पहिल्यापासून घेऊ. याला बाजू किती?"

"सहा, मामा," मी म्हटलं.